पाठ करून घेतलेलं ‘स्वमत’

दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. उताऱ्याखालच्या कृती, रिकाम्या चौकटी, आकृतिबंध आणि सगळ्यात शेवटी ‘स्वमत’. एकोणचाळीस पेपरांपैकी एकतीस पेपरांत हे स्वमत एकच होतं, अगदी शब्दाला शब्द. प्रत्येकाची सुरुवात ‘माझ्या मते’ अशी, आणि त्यातलं मत मात्र एकाचंही नाही. मुलांवर रागवावं असं वाटलं, पण रागवणार कशी? ते मत माझंच होतं. दिवाळीनंतर फळ्यावर मीच लिहून दिलं होतं आणि मुलांनी इमानेइतबारे पाठ केलं होतं.

उरलेल्या आठांत एका मुलीचं उत्तर अगदी वेगळं होतं. वाक्यं तुटक, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं. मी तीनपैकी एक गुण दिला. पेपर हातात पडल्यावर ती मधल्या सुट्टीत आली. “मॅडम, माझं चुकलं कुठे?” मी सवयीने म्हटलं, “अपेक्षित मुद्दे आलेले नाहीत.” तिने प्रश्नपत्रिका उघडली, उताऱ्याच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “मी ह्यावरून लिहिलं होतं.”

तिचं बरोबर होतं. त्या ओळीतून तिने काढलेला अर्थ माझ्या फळ्यावरच्या अर्थापेक्षा खोल होता. मी तिचे दोन गुण वाढवले, पण तो प्रश्न गुणांचा नव्हता. अठरा वर्षं मराठी शिकवणाऱ्या मला पहिल्यांदाच जाणवलं, की मी मुलांना उत्तरं देत आले आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न मात्र कधी दिलाच नाही.

हे सगळं मी आज लिहिते आहे, कारण ही केवळ माझ्या वर्गाची गोष्ट नाही. आपल्याकडे घोकंपट्टी कमी व्हावी म्हणून प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. कागदावर स्वमताला पूर्ण मोकळीक आहे. पण बाजारात स्वमताची तयार उत्तरं असलेली गाइडं आली, क्लासच्या नोट्स आल्या आणि आम्ही शिक्षकांनी त्यातून फळा भरला. कवितेच्या रसग्रहणाचंही तेच झालं. मुलाला कविता कळली की नाही हे बाजूला राहिलं. कवितेची भाषा कशी ओघवती आहे, हे मात्र तो तिन्ही परिच्छेदांत न चुकता सांगतो.

उतारा समोर ठेवून ‘तुला असं का वाटतं, ते मजकुरातून दाखव’ असं विचारलं की आपली मुलं अडखळतात. १५ वर्षांच्या मुलांसाठी ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. तिच्या वाचनाच्या भागात असे प्रश्न विचारले जातात. २००९च्या फेरीत भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं उतरली होती. ७४ सहभागींच्या यादीत ती तळाशी, फक्त किरगिझस्तानच्या वर राहिली. प्रश्न आपल्या मुलांना परके होते, अशी तक्रार तेव्हा झाली. तिच्यात तथ्य असेलही. पण ‘कशावरून?’ हा प्रश्नच मुलांना परका वाटत असेल, तर दोष चाचणीचा की आपला?

त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी नववीच्या वर्गात एक साधी पद्धत सुरू केली. तीन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवले: काय? कशावरून? म्हणून काय? पहिल्याचं उत्तर म्हणजे आपलं म्हणणं. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे मजकुरातला आधार. तिसरं सगळ्यात अवघड: त्या आधारातून आपलं म्हणणं कसं निघतं, ते समजावून सांगणं.

सुरुवातीला मीच रचलेला एक छोटा उतारा दिला. म्हातारीकडे अवेळी पाहुणा येतो. ती पिठाचा डबा पाहुण्याकडे पाठ करून खरवडते, झाकण घट्ट लावते. दोन भाकऱ्या थापते. एक पाहुण्याच्या ताटात वाढते, दुसरी नातवाला देते आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर बसते. प्रश्न होता: म्हातारीचा स्वभाव कसा आहे?

उत्तरं ठरलेली आली: म्हातारी प्रेमळ, मायाळू, कष्टाळू आणि दयाळू होती. चार विशेषणं, कारण चार मुद्दे लिहिले की गुण पडतात असं आम्हीच शिकवलेलं. मी फळ्यावरच्या दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. वर्ग गप्प. मग एक मुलगा म्हणाला, “दोनच भाकऱ्या होत्या आणि दोन्ही देऊन टाकल्या, म्हणून प्रेमळ.” लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, “पण ती उपाशी होती असं कुठं लिहिलंय? आधीच जेवली असेल.”

मला हे अपेक्षित नव्हतं. मी उत्तर देणार, तेवढ्यात तिसऱ्याने डबा पकडला. “खरवडला म्हणजे पीठ संपलेलं होतं. जेवली असती तर नुसतं पाणी घेऊन कशाला बसली असती?” मग एक मुलगी म्हणाली, “मला ती प्रेमळपेक्षा मानी वाटते. तिने पाहुण्याकडे पाठ केली. झाकण घट्ट लावलं. घरात काही नाही हे त्याला दिसू नये म्हणून.” थोडं थांबून ती पुढे म्हणाली, “आमच्याकडे अम्मी असंच करते.”

त्या दिवशी वर्गाला दोन गोष्टी कळल्या, त्यातली एक मलाही नव्याने कळली. एकाच मजकुरातून दोन वेगळी मतं निघू शकतात आणि दोन्ही उभी राहू शकतात. पण कुठलंही मत उभं राहत नाही. ‘म्हातारी कंजूष होती’ असं एकाने गमतीने म्हटलं, तेव्हा मी काही बोलायच्या आत वर्गानेच विचारलं, “कशावरून?” त्याला ओळ सापडेना. तो हसला आणि मत मागे घेतलं. त्यात अपमान कुणाचाच झाला नाही. मत मागे घेता येतं, हे शिकणंही काही कमी नाही.

यावर माझ्या सहकाऱ्यांचे आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणं बरं नाही.

पहिला आक्षेप वेळेचा. वर्गात साठ मुलं, अभ्यासक्रम संपवायचा, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. हे खरं आहे. म्हणून मी प्रत्येक प्रश्न असा घेत नाही. आठवड्याला एकच प्रश्न, पाच-सहा ओळींचं उत्तर. वह्या मी सगळ्या तपासत नाही. मुलं एकमेकांच्या वह्या घेतात आणि आधाराच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारतात. रेघ मारायला जागाच सापडली नाही, तर लिहिणाऱ्याला आपोआप कळतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ही पद्धतसुद्धा उद्या घोकंपट्टीच होईल. होते. माझ्याच वर्गात झाली. दोन महिन्यांत प्रत्येक उत्तरात ‘उताऱ्यात असे म्हटले आहे की’ आलं आणि पुढे उताऱ्यातली हाताला लागेल ती ओळ उतरवलेली. आधार म्हणजे उतरवून काढणं, असा समज झाला होता. मग मी चौथा प्रश्न घातला: याच्या विरुद्ध जाणारं उताऱ्यात काही आहे का? हा प्रश्न पाठ करता येत नाही. त्याच्यासाठी उतारा पुन्हा वाचावाच लागतो. आणि मुलांना तीन पायऱ्या सवयीच्या झाल्या, की फळ्याच्या कोपऱ्यातली अक्षरं पुसायचीही हिंमत ठेवावी लागते. इमारत उभी राहिली की परांची काढतात.

तिसरा आक्षेप भाषेचा. आमच्या वर्गात घरी दखनी बोलणारी मुलं आहेत, वडारी बोलणारी आहेत, मारवाडी आहेत. “यांना धड वाक्य लिहिता येत नाही आणि तुम्ही तर्क शिकवताय?” असं मला ऐकवलं गेलं. माझा अनुभव उलटा आहे. तर्क मुलांकडे असतोच. क्रिकेटमध्ये बाद की नाबाद यावर ही मुलं अर्धा तास पुराव्यानिशी भांडतात. त्यांच्याकडे नसतात ते लिखित मराठीतले सांधे: कारण, म्हणून, यावरून, तरीही, याउलट. म्हणून मी आधी बोलू देते, घरच्या भाषेत बोललं तरी चालतं, आणि मग हे सांधे हाती देते. तपासताना आधाराचे गुण वेगळे आणि शुद्धलेखनाचे वेगळे देते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून विचाराचा गुण कापणं, हा अन्याय मी अठरा वर्षं केला. आता करत नाही.

‘हे सगळं पाश्चात्त्य शिक्षणाचं खूळ आहे’ असंही कुणी म्हणतं. त्यांना मी मुक्ता साळवेची आठवण करून देते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली ही मांग समाजातली मुलगी. मांग आणि महारांच्या दुःखांवरचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो वर्गात वाचला तेव्हा मी मुलांना एकच काम दिलं: तिचं म्हणणं कुठे आणि आधार कुठे, ते शोधा. मुलांनी पान भरून यादी केली. आमच्यावर अन्याय होतो एवढं म्हणून ती थांबत नाही. माणसांना इमारतींच्या पायात पुरलं जाई, हे ती सांगते. बाजीरावाच्या राज्यात तालमीसमोरून गेलेल्या मांग-महाराचं काय होई, तेही सांगते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांकडे बोट दाखवते. आणि सगळ्यात धारदार जागा धर्मग्रंथाची. वेद फक्त ब्राह्मणांचे, हे विरोधकांचं म्हणणं ती क्षणभर मान्य करते आणि विचारते, की मग ज्यांना ग्रंथच नाही अशा आमचा धर्म कोणता? समोरच्याचंच विधान घेऊन त्यातून निष्कर्ष काढणं, हे ‘म्हणून काय?’चं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीला जे जमलं, ते परदेशी कसं?

सत्य शोधायचं म्हणणाऱ्या परंपरेत आपण वाढलो. शोध म्हणजे अखेर ‘कशावरून?’ विचारणंच ना? हा प्रश्न इतरांना विचारणं सोपं असतं. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात, आपल्याच वडीलधाऱ्यांना विचारणं कठीण. मोबाइलवर रोज काहीतरी येतं. कधी आपल्याविरुद्ध, कधी आपल्या बाजूचं. विरुद्धचं आलं की आपण पुरावा मागतो. बाजूचं आलं की पुढे पाठवतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने घरच्या ग्रुपवर आलेल्या अशाच एका व्हिडिओखाली लिहिलं, “हे कुठलं आहे, कधीचं आहे?” त्याला चाचाने झापलं. पण व्हिडिओ पुढे गेला नाही, असं तो सांगत होता. त्याने आज्ञा मोडली की वर्गातला धडा पाळला, हे मी त्याच्या चाचाशी एकदा बोलणार आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्या भागातल्या एका गल्लीत नळाला पाणी धड येत नव्हतं. मोठ्यांनी लिहिलेल्या अर्जात होतं: पाणी अजिबात येत नाही, आमच्यावर घोर अन्याय होत आहे, तरी कृपया लक्ष द्यावे. तिथल्याच एका नववीतल्या मुलीने दुसरा अर्ज लिहिला. घरातल्या कॅलेंडरवर तिने महिनाभर खुणा केल्या होत्या. किती दिवस पाणी आलं, किती वाजता, किती वेळ, किती घरांना. शेवटी तिने लिहिलं, की यावरून गल्लीच्या वरच्या टोकाला पाणी पोचतं आणि खालच्या टोकाला पोचत नाही असं दिसतं. तरी खालची जोडणी तपासावी. पाणी लगेच आलं असं मी म्हणणार नाही, आलं नाही. पण पहिल्या अर्जाला ‘बघू’ असं उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या अर्जावर शिक्का मारून पोच मिळाली आणि माणूस जोडणी बघायला आला. पुढे माहितीच्या अधिकारात विचारायची वेळ आली, तरी विचारायला तिच्याकडे तारखा आहेत.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी नमुना उत्तराशी जुळणारे शब्द शोधू नयेत, मजकुरातला आधार शोधावा. शिक्षकांनी स्वमत फळ्यावर लिहून देणं थांबवावं. मीही थांबवलं आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी वर्गाचे गुण थोडे घसरले आणि मला त्याचा जाब द्यावा लागला. आणि पालकांनी, मूल ‘कशावरून?’ म्हणालं की उलट बोलतं असं समजू नये.

ती मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा मी तिला हा लेख लिहीत असल्याचं सांगितलं. तिने विचारलं, “मॅडम, यात तुमचं मत आहे की फळ्यावरचं?” मी म्हटलं, माझं आहे. ती हसून म्हणाली, “कशावरून?”

वर लिहिलं आहे ते सगळं तिला दिलेलं उत्तर आहे. पटलं नाही तर ओळीवर बोट ठेवून सांगावं.