पाण्याला चव आणूया, पण आधी पाणी उकळूया

सध्या मोबाईलवर एक चित्र फिरते आहे. काचेची बरणी, त्यात लिंबाच्या चकत्या, काकडी, पुदिना, आणि खाली ओळ : 'डिटॉक्स वॉटर प्या, शरीरातले विष बाहेर काढा.' चिपळूणच्या आपल्या वस्त्यांतही ते पोहोचले आहे. विहारात वंदना झाली की एखादी मुलगी हमखास विचारते, "ताई, हे करावं का?" आमचे उत्तर असते : जरूर करावे, पण कशासाठी करतो आहोत हे समजून करावे.

शरीरातली घाण बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड आणि यकृत करतात. ते काम लिंबाची चकती करत नाही. फळातले जीवनसत्त्वही पाण्यात थोडेच उतरते, म्हणून चकत्या फेकू नका, खाऊन टाका. या पाण्याने साखर किंवा बीपी बरा होत नाही. त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हीच तर तथागतांची शिकवण आहे.

मग फायदा काय? एकच, पण मोठा. चव आली की पाणी जास्त प्यायले जाते. आपल्या कितीतरी आयाबहिणी बांधकामावर, शेतावर, बाजारात दिवसभर राबतात आणि मुद्दाम पाणी कमी पितात, कारण तिथे शौचालय नसते. मग लघवीला जळजळ होते, मुतखडा होतो, उन्हात चक्कर येते. दुसरीकडे मुलांच्या हातात थंड पेयाची बाटली असते. ३०० मिलीलिटरच्या अशा बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. तेवढी साखर आपण चहात घालू का?

आपल्याला स्ट्रॉबेरी विकत आणायची गरज नाही. रातांबा कोकणचाच आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चार-पाच आमसुले धुऊन टाका, तास-दोन तास ठेवा, वर चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. काकडीच्या चकत्या, दहा-बारा पुदिन्याची पाने आणि अर्धे लिंबू हेही चांगले लागते. मात्र लिंबाची साल फार वेळ पाण्यात राहिली तर पाणी कडवट होते. गवती चहा किंवा वाळ्याची मुळे स्वच्छ धुऊन पाणी उकळतानाच घालावीत. साखर नको. बीपी असलेल्यांनी कोकमाचे आगळ जपून वापरावे, त्यात मीठ भरपूर असते. आंबट पाणी तांब्या-पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. स्टील, काच किंवा मातीचे भांडे घ्यावे. फ्रीज नसेल तर सकाळी केलेले पाणी दुपारच्या जेवणापर्यंत संपवावे. आपल्या दमट हवेत कापलेले फळ लवकर आंबते.

आता मुख्य गोष्ट. लिंबू पिळल्याने किंवा पुदिना टाकल्याने गढूळ पाणी शुद्ध होत नाही. आधी पाणी गाळा, खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी घराघरात शिरले, तेव्हा चहूकडे पाणी असून प्यायला घोटभर मिळणे किती कठीण होते, ते आपण पाहिले आहे. जुलाब लागले तर फळांच्या पाण्यावर थांबू नका. ओआरएसची पुडी सरकारी आरोग्य केंद्रात मिळते, ती द्या आणि दवाखाना गाठा.

पाण्यात काहीतरी टाकले की ते शुद्ध होते, ही समजूत जुनी आहे. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले! माणसाच्या स्पर्शाने जे विटाळते आणि शेणाने जे शुद्ध होते, ते पाणी कोणत्या शास्त्रातले? आपण त्या समजुतीविरुद्ध लढलेल्यांची लेकरे आहोत. बरणीतल्या नव्या अंधश्रद्धेला आपण का भुलावे?

पण उकळण्याला गॅस लागतो, गॅसला पैसे लागतात. म्हणून सगळा भार घरातल्या बाईवर टाकणे आम्हाला मान्य नाही. जिथे एवढा पाऊस पडतो त्याच चिपळूण तालुक्यात उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शुद्ध पाणी घरापर्यंत येणे हा आपला हक्क आहे. नळाला गढूळ पाणी आले तर नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार द्या, आणि तिची पोच घ्या.

आणि एक विनंती. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण उन्हात चालणाऱ्यांना रंगीत, गोड सरबत वाटतो. त्यात मासळीसाठी बनवलेला बर्फही येऊन पडतो. येत्या जयंतीला उकळून माठात गार केलेले कोकमाचे पाणी वाटूया. ज्या महामानवाने आपल्याला पाण्याचा हक्क मिळवून दिला, त्याच्या जयंतीला दिलेला घोट स्वच्छच असला पाहिजे.

जय भीम!