जमिनीचा भाव चढला म्हणून शेती तरत नाही

बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा संपली, की हटकून कोणीतरी जमिनीचा विषय काढतो. एक जण विचारतो, "एकराला एवढे लाख देतो म्हणतात, देऊन टाकावी का?" दुसरा म्हणतो, "घेणारा शेतकरीच पाहिजे ही अट काढा, मग बघा काय भाव येतो ते." तिसरा उसळतो, "अट काढली तर पैसेवाले गावेच्या गावे घशात घालतील." आणि शेवटी एखादा म्हातारा सुस्कारा टाकतो, "कॅनडा-अमेरिकेच्या शेतकऱ्याचे बरे आहे. हजार हजार एकर जमीन. त्याला कसली चिंता?"

आम्ही या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करणार आहोत. कारण पहिल्या तिघांचा वाद तिकडच्या गव्हाच्या मुलखात गेली पन्नास वर्षे चालू आहे. तिथे जमीन विकण्या-घेण्याचे बहुतेक सगळे प्रयोग करून झाले. त्यांनी ठेचा खाल्ल्या. आपण निदान त्या पाहून पाऊल टाकावे.

कोरडवाहूचाच मुलूख

कॅनडाच्या पश्चिमेला मैलोन्‌मैल गवताळ मैदाने होती. तिथे आज मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा हे तीन प्रांत आहेत. त्यांतला सस्कॅचेवान म्हणजे त्या देशाचे धान्याचे कोठार. कॅनडातील पेरणीखालच्या जमिनीपैकी ४० टक्क्यांहून अधिक या एका प्रांतात आहे. पाऊस किती? बर्फ धरून वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या कोरडवाहू पट्ट्यापेक्षाही कमी. वर्षाला पीक एकच, बाकीचे महिने जमीन गोठलेली. गहू, कॅनोला, मसूर, वाटाणा ही पिके. ओलीत जवळजवळ नाहीच. तेव्हा हा मुलूख आपला भाऊबंद आहे. फक्त त्याचा तुकडा मोठा आहे.

त्या जमिनीची मोजणी एखाद्या पटासारखी केलेली आहे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे ३६ चौकोन. एक चौकोन ६४० एकरांचा आणि त्याचा चौथा हिस्सा १६० एकरांचा. त्याला 'क्वार्टर' म्हणतात. आपण एकरावर सौदा करतो, ते क्वार्टरवर करतात. १८७२ च्या कायद्याने वसाहतीला आलेल्या माणसाला दहा डॉलर फी भरून एक क्वार्टर मिळत असे. अट एवढीच, की तीन वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, जमीन नांगराखाली आणायची.

जमीन फुकट वाटली असे पुस्तकात वाचून आम्हालाही कॉलेजात हेवा वाटला होता. पण ती मूळची कोणाची? ती तिथल्या आदिवासी जमातींची. १८७० च्या दशकात त्यांच्याशी तह झाले, रानरेड्यांचे कळप संपले आणि त्या लोकांना राखीव तुकड्यांवर ढकलण्यात आले. तहाप्रमाणे देणे असलेली जमीनही पुरती दिली गेली नव्हती. तो हिशेब चुकता करण्यासाठी १९९२ साली करार झाला. त्यात पैसे देऊन, राजीखुशीने विकणाऱ्याकडून जमीन विकत घ्यायची असे ठरले. शिवाय पॅसिफिक रेल्वे कंपनीला सरकारने अडीच कोटी एकर जमीन दिली होती आणि हडसन बे कंपनीने सुपीक पट्ट्याचा विसावा हिस्सा आपल्याकडे राखला होता. म्हणजे त्या मुलखातले जमिनीचे पहिले मोठे व्यापारी शेतकरी नव्हते, कंपन्या होत्या.

माती बोलते, पण एकटीच नाही

आम्ही शेतकीचे पदवीधर, तेव्हा दोन शब्द मातीविषयी. सस्कॅचेवानमध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना माती आधी तपकिरी, मग गडद तपकिरी, मग काळी होत जाते. तपकिरी म्हणजे सर्वांत कोरडी. काळी म्हणजे कुजलेल्या गवताने भरलेली. आपल्या काळीचा काळेपणा सेंद्रिय कर्बाचा नाही, त्यांच्या काळीचा आहे. सौदा करताना क्वार्टर कोणत्या पट्ट्यात आहे हे आधी पाहतात. दक्षिणेचा कोरडा त्रिकोण १८५७ ते १८६० या काळात पॅलिसर नावाच्या आयरिश पाहणीदाराने शेतीला नालायक ठरवला होता. तरी तिथे वस्ती झाली, आणि १९३० च्या दशकातल्या दुष्काळात माती वाऱ्यावर उडून गेली.

पण जमिनीच्या भावात नुसती माती नसते. १८९७ च्या करारापासून त्या प्रांतातल्या धान्याला रेल्वेभाड्यात सवलत होती. अखेर १९९५ साली केंद्र सरकारने वाहतुकीचे अनुदान बंद केले. नुकसानभरपाई म्हणून १६० कोटी डॉलर दिले, ते कोणाला? जमिनीच्या मालकांना. कारण सरकारचा हिशेब असा, की भाडे वाढले म्हणजे धान्यातून हाती येणारा पैसा घटणार आणि तो घटला म्हणजे जमिनीची किंमत उतरणार. सरकारने स्वतःच लिहून दिल्यासारखे झाले, की इतकी वर्षे सवलत शेतकऱ्याच्या खिशात कमी आणि जमिनीच्या किमतीत जास्त मुरली होती.

आणखी एक धागा तर थेट आपल्यापर्यंत येतो. कॅनडाचा बहुतांश मसूर सस्कॅचेवानात पिकतो आणि तो नि वाटाणा यांचे मोठे गिऱ्हाईक आपला देश. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीने वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा तिकडचा शेतकरी अडचणीत आला. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्काशिवाय आत येऊ दिला, तेव्हा आपल्या तुरीवर आणि हरभऱ्यावर दडपण आले. दिल्लीतल्या एका कागदाने दोन खंडांतल्या शेतकऱ्यांची मिळकत वरखाली होते. मिळकत हलली की आज ना उद्या जमिनीचा भाव हलतोच.

चढताना नवस, उतरताना लिलाव

चढत्या भावाची नशा काय करते हे पाहायचे तर सीमेपलीकडे, अमेरिकेच्या आयोवा राज्यात जावे. १९७२ साली रशियाने अमेरिकेकडून धान्याची प्रचंड खरेदी केली. भाव उसळले. बांधापासून बांधापर्यंत पेरा, असे तिथले शेतीमंत्री अर्ल बट्झ सांगू लागले. जमीन दरवर्षी चढू लागली. बँका जमिनीची किंमत पाहून कर्ज देऊ लागल्या. पीक किती फेडू शकेल हे कोणी विचारीना. मुलाने बापाची जमीन गहाण टाकून शेजाऱ्याची घेतली.

मग महागाई मोडण्यासाठी व्याजदर २० टक्क्यांवर नेले गेले. जानेवारी १९८० मध्ये रशियाला धान्य विकण्यावर बंदी आली. १९८१ साली आयोवात एकराचा सरासरी भाव २१४७ डॉलर होता. १९८६ साली तो ७८७ डॉलर झाला. पाच वर्षांत जवळजवळ दोनतृतीयांश किंमत गेली. जमीन तीच, पाऊस तोच, राबणारा तोच. फक्त कर्जाचा आकडा उतरला नाही. ज्याने जमीन विकत घेतली नव्हती तो वाचला. ज्याने 'प्रगतिशील' होऊन घेतली तो लिलावात उभा राहिला.

याच मुलखाने १९३० च्या मंदीत जप्तीला दिलेले उत्तरही लक्षात ठेवावे. शेजारीपाजारी लिलावाला गोळा होत, घोड्याला, नांगराला चार-दोन पैशांची बोली लावत, बाहेरच्याला तोंड उघडू देत नसत आणि घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत करत. त्याला पैशाचा लिलाव म्हणत. १९३३ साली मिनेसोटा राज्याने जप्तीला मुदतवाढ देणारा कायदा केला आणि १९३४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो उचलून धरला. लोक उभे राहिले म्हणून कायदा झाला. हा क्रम उलटा कधी होत नाही.

घेणारा कोण असावा?

आता आपल्या बैठकीतल्या वादाकडे वळू. सस्कॅचेवानमध्ये १९७२ साली सरकारने जमीन बँक काढली. म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन सरकारने घ्यायची आणि तरुणाला खंडाने द्यायची. हेतू चांगला, पण सरकारच जमीनदार झाले, असे लोकांना वाटू लागले. १९८२ साली सरकार बदलले, बँक गुंडाळली गेली आणि जमीन घ्यायला सवलतीच्या व्याजाने कर्जे देण्यात आली. ऐन चढत्या भावात तरुणांनी ती उचलली, नंतर धान्याचे भाव पडले, १९८८ ला दुष्काळ आला. एका सरकारने मालकी ठेवून घेतली, दुसऱ्याने कर्ज गळ्यात मारले. पिकाला दाम देण्याचे काम दोघांनीही केले नाही.

१९७४ सालीच प्रांताबाहेरच्या माणसाने किती जमीन घ्यावी यावर मर्यादा आली होती. २००२-०३ मध्ये ती कॅनडाच्या सर्व रहिवाशांसाठी उठवली. परदेशी माणसाला मात्र दहा एकरांचीच परवानगी राहिली. मग शहरातला पैसा आला. २०१३ या एका वर्षात तिथली जमीन २८.५ टक्क्यांनी चढली, असे फार्म क्रेडिट कॅनडा या सरकारी कर्जसंस्थेची नोंद सांगते. त्याच सुमारास कॅनडाच्या राष्ट्रीय पेन्शन फंडाने एका जमीनकंपनीकडून सुमारे १ लाख १५ हजार एकर १२.८ कोटी डॉलरना घेतले. एकराला ११०० डॉलरच्या आसपास. गंमत अशी, की त्या फंडात शेतकऱ्याचाही हप्ता असतो. त्याच्याच म्हातारपणाच्या पैशाने त्याच्या मुलाविरुद्ध बोली लावली!

ओरड झाली. २०१५ साली सरकारने लोकांची मते मागवली आणि पेन्शन फंड व मोठ्या ट्रस्टांना नवी जमीन घेण्यास बंदी केली. जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. मग भाव थांबला का? त्याच संस्थेच्या नोंदी पाहा. २०२२ मध्ये वाढ १४.२ टक्के, २०२३ मध्ये १५.७, २०२४ मध्ये १३.१. फंड बाहेर गेला, पण त्याची जागा आधीच मोठ्या असलेल्या शेजाऱ्याने आणि पैसेवाल्या व्यक्तींनी घेतली. १९३६ साली त्या प्रांतात १,४२,३९१ शेतकरी कुटुंबांची शेते होती. २०२१ च्या गणनेत ३४,१२८ उरली. हजार एकरांचा हेवा करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्याला हा आकडा सांगायला हवा. तिथला एकेक मोठा तुकडा तीन-चार उठलेल्या घरांवर उभा आहे.

आमचे मत

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जमिनीचा भाव ही शेतकऱ्याची मिळकत नव्हे. तो मिळतो एकदाच, आणि तोही शेती सोडणाऱ्याला. शेती करणाऱ्याला चढता भाव म्हणजे चढता खंड आणि चढते कर्ज. जमिनीच्या व्याजाएवढेही पीक देत नसेल, तर घेणारा शेतीसाठी घेत नाही, उद्या महाग विकण्यासाठी घेतो.

म्हणून विकायला बंदी घालावी का? नाही. जमीन हाच शेतकऱ्याचा प्रॉव्हिडंट फंड. घेणारे कमी केले की त्याचा भाव पडतो आणि फायदा गावातल्या सर्वांत मोठ्याचा होतो. आपल्या मालाला बाजार मोकळा मागायचा आणि जमिनीच्या बाजाराला मात्र फाटक लावायचे, हे आम्हाला पटत नाही. पण मोकळा बाजार म्हणजे आंधळा बाजार नव्हे. सस्कॅचेवानच्या चार गोष्टी आपण मागण्यासारख्या आहेत.

पहिली, मालकीची हमी. तिथे जमिनीच्या मालकीची नोंद सरकार हमीने देते. आपला सातबारा मुळात महसुलाचा कागद. त्यावरची नोंद मालकीचा अखेरचा पुरावा ठरत नाही. दुसरी, घराची जमीन. १९४४ पासून तिथे शेतकरी राहतो त्या क्वार्टरला जप्तीपासून कायद्याचे संरक्षण आहे. तिसरी, घरधनिणीची सही. राहत्या घराची जमीन बायकोच्या संमतीवाचून विकता येणार नाही, असा कायदा तिथे १९१५ साली झाला. आपल्याकडे किती सौदे चुलीपर्यंत न पोचता दारूच्या गुत्त्यावर होतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. चौथी, पैसा कोणाचा ते सांगणे. २०१६ पासून तिथे घेणाऱ्याला पैसा कुठून आला याचे प्रतिज्ञापत्र मागता येते आणि शाबीत करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. दुसऱ्याच्या नावाने जमीन घेणारे आपल्याही शिवारात कमी नाहीत.

आणि या चारांच्या आधीची गोष्ट पिकाच्या दामाची. क्विंटलमागे खर्च भरून निघाला तर कोणी हौसेने बापाची जमीन विकत नाही. तो निघाला नाही तर कोणताही कायदा ती राखू शकत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत कोणाची किती जमीन विकली गेली, कोणी घेतली आणि विकणाऱ्याने कशासाठी विकली, लग्नासाठी, दवाखान्यासाठी की कर्जासाठी, ते वहीत लिहून आणावे. कॅनडाचे आकडे आम्ही सांगितले. आपल्या शिवाराचे आकडे आपल्यालाच गोळा करायचे आहेत.