चौफुल्याला रेडिएटर
जुनी मैत्री चहावर परत जुळते, हे मला पटत नाही. चहावर शुगर, बीपी आणि मुलांची पॅकेजेस, एवढेच निघते. रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडलाच राहिलेल्या माझ्या वर्गमित्राशी वर्षानुवर्षे असेच चालले होते. कुणाच्या लग्नात भेटायचे आणि ‘ये की एकदा शिरूरला’ म्हणून निघायचे. मग त्याने जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. वडिलांची फियाट माझ्याकडे होतीच. आता आम्ही कार्बोरेटरवरून भांडतो, म्हणजे उत्तम चालले आहे. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाड्या; इंदापुरातले वालचंदनगरही त्यांचेच, तेव्हा आपल्या पुणे जिल्ह्याने थोडा हक्क सांगायला हरकत नाही. १०८९ सीसीचे इंजिन, गिअर स्टिअरिंगखालच्या दांडीला, त्यामुळे पुढच्या सीटवर तिघे आरामात. गेल्या रविवारी मी न्हावऱ्यावरून निघालो, तो दौंडहून, आणि चौफुल्याला गाठ पडली. चौफुल्याला लोक कलाकेंद्रातल्या लावणीसाठी थांबतात. आम्ही रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो, पण घरी कुणाचाही विश्वास बसला नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा सगळे हळहळले, नंतर विसरले. माझे मत स्पष्ट आहे: झाकून प्रदर्शनात ठेवलेली गाडी ही गाडीच नव्हे, ती उसाच्या ट्रॉलीमागे तापलीच पाहिजे. तुमच्या गोठ्यात फियाटचा दरवाजा पडला असेल, तर भंगारवाल्याआधी आम्हाला कळवा. डाव्या बाजूचा हवाय.