श्रीलंकेत बुद्ध भेटला, जातही भेटली!

परदेशवारी ही आता आपल्या समाजाला नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्यांची नातवंडे आज पासपोर्ट काढून विमानात बसतात. शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले निवृत्त झाले की आधी बोधगया-सारनाथ करतात आणि मग श्रीलंका, थायलंड गाठतात. हे शिक्षणाचे, आरक्षणाचे, म्हणजेच बाबासाहेबांच्या लढ्याचे फळ आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. प्रश्न एवढाच की, परत आल्यावर आपण समाजाला काय सांगतो? हॉटेल कसे होते आणि फोटो किती काढले, एवढेच?

वैशाख पौर्णिमेच्या सुमारास आम्ही तिशीच्या वर माणसे आठ दिवस श्रीलंकेत होतो. या प्रवासात मन भरून आले असे प्रसंग आहेत आणि मान खाली जावी असेही आहेत. दोन्ही सांगितले पाहिजेत.

आधी भरून आले ते. अनुराधपूरचा जय श्री महाबोधी वृक्ष. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरी हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात या बेटावर आणली आणि तेव्हापासून इथल्या माणसांनी तो वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या जपला. मे महिन्याच्या उन्हात अनवाणी पायांना चटके देणाऱ्या फरशीवरून पांढऱ्या वस्त्रांतली माणसे हातात निळी कमळे घेऊन शांतपणे चालत होती. आडनाव विचारणारा कोणी नाही, दक्षिणेसाठी हात पसरणारा बडवा नाही. आमच्या महिलांनी त्रिशरण-पंचशील सुरू केले, तेव्हा शेजारी बसलेल्या सिंहली आजीबाईंनी आपोआप सूर मिळवला. त्यांना मराठी येत नव्हती, आम्हाला सिंहली येत नव्हती. पण पाली दोघांचीही होती. अशोकाचा पुत्र महेंद्र जिथे राजा देवानांपिय तिस्स याला भेटला, त्या मिहिंतलेच्या पायऱ्या गुडघे दुखत असतानाही आमच्यातल्या सत्तरीच्या माणसांनी चढून दाखवल्या.

वेसाकची संध्याकाळ तर विसरता येणार नाही. घराघरावर कागदी कंदील आणि रस्त्यारस्त्यावर ‘दानसल’, म्हणजे फुकट अन्नदानाचे मांडव. पोरे झेंडे दाखवून आमची बस थांबवत होती. कुठे भात, कुठे चहा, कुठे आइस्क्रीम. धर्म कोणता, देश कोणता, काही विचारणे नाही. रांगेत उभे राहा आणि खा. ज्यांच्या वाडवडिलांना पंक्तीबाहेर बसवून वरून अन्न टाकले गेले, त्या माणसांना अशी रांग पाहून काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू. सहल कंपनीने अनुराधपूरला जेमतेम दीड तास दिला आणि रत्नांच्या दुकानात दोन तास बसवले. तिथे कमिशन कोणाचे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण हे दुखणे किरकोळ आहे. खरे दुखणे कँडीला कळले.

कँडीचे दंतधातू विहार जगप्रसिद्ध आहे. त्याची देखभाल करणाऱ्या सियाम निकायाचा इतिहास मात्र कोणताही गाईड सांगत नाही. श्रीलंकेत उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती, तेव्हा १७५३ मध्ये सियामहून आलेल्या उपाली थेरांनी ती पुन्हा सुरू केली. पण थोड्याच वर्षांत उपसंपदेचा हा दरवाजा फक्त गोयिगम या वरच्या, जमीनदार मानल्या गेलेल्या जातीपुरता ठेवण्यात आला. ज्या तथागताने उपाली न्हाव्याला संघात घेतले, सुनीत भंग्याला घेतले, त्याच्या संघात जात पाहून चीवर! नाकारलेल्या जातींनी धम्म सोडला नाही. त्यांच्यातले काही समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, १८०० मध्ये अमरपुरा येथे उपसंपदा घेऊन आले आणि अमरपुरा निकाय उभा राहिला. हा स्वाभिमान आपल्याला ओळखीचा वाटतो. पण पुढे त्या अमरपुरा निकायातही जातीजातीचे पोटगट पडले! अन्याय सोसलेला माणूस आपोआप जातीमुक्त होत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

ही जुनी गोष्ट झाली म्हणावे, तर हॉटेलात पडलेले रविवारचे इंग्रजी वर्तमानपत्र उघडले. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोवी बौद्ध’ आईवडिलांना अनुरूप स्थळ हवे होते. बौद्ध, आणि त्याच्या आधी जात!

तिसरा धक्का नुवारा एलियाच्या चहाच्या मळ्यांत बसला. थंड हवा, हिरवेगार डोंगर. कारखान्यात फुकट चहा पाजतात आणि बाहेर पाकिटे विकतात. आमच्या बसनेही पाकिटे घेतली. पण पाठीवर पाती वाहणाऱ्या त्या बाया कोण? इंग्रजांनी आधी कॉफीसाठी आणि नंतर चहासाठी तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांच्या त्या लेकी-नाती. त्या मजुरांत मोठा भरणा अस्पृश्य जातींचा होता. देश स्वतंत्र होताच १९४८ च्या कायद्याने यांचे नागरिकत्व हिरावले गेले. १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला: सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत, तीन लाख सिलोनने ठेवावीत, दीड लाखांचे नंतर पाहू. त्या माणसांना विचारले कोणी? उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न कायद्याने सुटायला २००३ साल उजाडले. आजही अनेक कुटुंबे इंग्रजांच्या काळातल्या ‘लाइन’च्या खोल्यांत राहतात. ठरलेले किलो भरले तरच बाईची पूर्ण हजेरी लागते. पर्यटक मात्र तिच्यासोबत फोटो काढतो आणि बसमध्ये बसतो.

बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने याच कँडीला आले होते. ते नुसते हात जोडायला आले नव्हते. इथले विधी कसे आहेत आणि बुद्धाचा धम्म लोकांच्या जगण्यात किती जिवंत आहे, हे तपासायला आलो आहे, असे त्यांनी सांगितले होते. कोलंबोत ते तिथल्या अस्पृश्यांपुढेही बोलले आणि त्यांना आपलेसे करण्याची जबाबदारी त्यांनी सिलोनच्या बौद्धांवर टाकली. वंदन करावे, पण डोळे उघडे ठेवून, हा त्यांनी घालून दिलेला धडा आहे.

श्रीलंकेतून परतणाऱ्याला दोन मोह पडतात. एक, सगळे गोड गोड सांगण्याचा. दुसरा, ‘बघा, बौद्ध होऊनही जात जात नाही’ असे म्हणत प्रस्थापितांच्या हाती कोलीत देण्याचा. दोन्ही चूक आहेत. तिथे राजाने आणि जमीनदाराने विहारांना जमिनी दिल्या आणि त्या जमिनींबरोबर त्यांची जातही विहारात शिरली. दोष धम्माचा नाही. जात बाहेर न ठेवता धम्म आत घेण्याचा आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्रिशरण-पंचशीलावर न थांबता बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे कँडीत उभे राहिल्यावर नीट उमगते. समतेची अट त्यांनी दारातच घातली.

ती अट आपण पाळतो काय? आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या किती अर्जांत अजून पोटजातीचा रकाना आहे? लाडवण, बावणे, सोमवंशी असे कुजबुजत विचारणारे किती आहेत? मातंग, चर्मकार समाजातून धम्मात आलेल्या माणसाला आपण सोयरीक देतो की फक्त सभेत खुर्ची देतो? असे असेल तर कँडीच्या भिक्षूंना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून सांगावेसे वाटते की, श्रीलंकेला जरूर जा, आईवडिलांना घेऊन जा. पण जाण्याआधी विहारात एक संध्याकाळ बसून त्या देशाचा इतिहास वाचा. सहल ठरवतानाच कंपनीला बजावा की, रत्नांचे दुकान नको, अनुराधपूरला पूर्ण दिवस हवा. चहाच्या मळ्यात चव घ्या, पण त्या बाईची हजेरी किती हेही विचारा. परतल्यावर फोटो दाखवा आणि जे खटकले तेही सांगा. आणि आपल्या मुलामुलींसाठी स्थळ शोधताना पोटजातीच्या रकान्यावर काट मारा. दानसलची ती रांग आपल्या घरच्या लग्नाच्या पंक्तीपर्यंत आणता आली, तरच विमानाचे भाडे वसूल झाले म्हणायचे!