समुद्र सर्वांचा, मासळी मात्र मूठभरांची

समुद्र कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न केला तर कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. तो कोणा एका व्यक्तीच्या मालकीचा नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियमन राज्य सरकारकडे आहे. त्यापुढील मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत येते. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांचे हित साधेल अशी व्हावी, असे राज्यघटनेचे ३९ वे कलम सांगते. समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, वने ही सरकारकडे जनतेची ठेव होय, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात १९९६ साली मान्य केले. विश्वस्ताने ठेव राखली नाही तर त्यास काय म्हणावे, हे सांगण्यास वकील नको.

आता कोकणच्या किनाऱ्यावर काय चालले आहे ते पाहू. सिंधुदुर्गात रापणीचे जाळे अनेक माणसे मिळून किनाऱ्यावरून ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे करतात. उत्तरेकडे डोल जाळ्यात बोंबील धरतात. या साधनांना भरती-ओहोटीची मर्यादा आहे. मासा चालून येईल तेवढाच हाती लागतो. पर्ससीनचे तसे नाही. ते जाळे बांगड्या-तारलीच्या अख्ख्या थव्याभोवती फिरवितात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा त्याचा तळ आवळतात. रात्री प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडले की आजूबाजूची मासळी आपण होऊन प्रकाशाकडे धावते. थवा बाहेरच्या बाहेर उचलला गेल्यावर किनाऱ्यावरील रापणकराच्या वाट्यास काय उरणार?

अनर्थ येथेच थांबत नाही. मासळी घटली की नौका अधिक दूर जाते, डिझेल अधिक जळते, कर्ज वाढते. कर्ज फेडण्यासाठी जाळ्याचा आस बारीक होतो आणि एकदाही अंडी न घातलेले पिल्लू बाजारात येते. पुढच्या वर्षीचे बियाणे आजच विकून खाणाऱ्या शेतकऱ्यासारखी ही स्थिती आहे. तिचा पहिला तडाखा बसतो तो वाट्यावर राबणाऱ्या खलाशाला आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकणाऱ्या बाईला. मोठ्या बंदरातील लिलावात बोली लावण्याइतके भांडवल तिच्यापाशी नसते.

कायदे नाहीत काय? आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित केली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरविले. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने आपल्या हद्दीत एलईडी दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात गेला आणि निवाड्याचे काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याकडे आले. २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला. २०२५ च्या जानेवारीत ड्रोनची टेहळणी सुरू झाली. परंतु आकाशातून गुन्हा दिसला तरी तो पकडण्यास पाण्यात नौका लागते आणि धनवानाकडून दंड वसूल करण्यास मनाचे धैर्य लागते. हक्क कागदावर आला म्हणजे हाती आला असे नव्हे, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

मोठ्या नौकांचे मालक म्हणतात, व्यवसायस्वातंत्र्य आम्हासही आहे. हा युक्तिवाद नवा नाही. केरळ सरकारने आपल्या सागरी हद्दीत पर्ससीनला बंदी केली तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९९३ साली न्यायालयाने बंदी योग्य ठरविली. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याचे ताट ओढण्याची मुभा नव्हे. दुर्बल घटकांचे आर्थिक हित जपावे असे घटनेचे ४६ वे कलम सरकारला बजावते. मात्र न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यांत्रिक नौकांना कर्ज व अनुदान देऊन मासेमारीस हे वळण सरकारनेच लावले. यास्तव परवाने कमी करताना त्या नौकांवरील खलाशांच्या पोटाची तजवीज करणे हेही सरकारचेच कर्तव्य ठरते. समुद्राचे तापमान, पावसाचे बदललेले मान यांचाही मासळीवर परिणाम होतो, हे खरे. परंतु संकट दुहेरी असेल तर आपल्या हातचा अपराध आधी थांबविला पाहिजे.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न कोळ्यांचा, गाबितांचा. आपणास त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. सामायिक संपत्तीवरील गरिबाचा हक्क एका ठिकाणी बुडाला की तो सर्वत्र बुडविण्याची वाट मोकळी होते. तेव्हा प्रत्येकास करता येईल ते करावे. वीतभरही नसलेले पापलेट स्वस्त मिळाले तरी घरी आणू नये. किनाऱ्यावरील सुशिक्षित तरुणांनी माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली आपल्या जिल्ह्यात किती नौका पकडल्या, किती दंड ठोठावला आणि त्यातला किती खरोखर वसूल झाला, हे विचारावे. उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. विश्वस्ताकडे हिशेब मागणे हा अपमान नव्हे. तो ठेवीच्या धन्याचा अधिकार आहे.