साहेब हात धुतात का?

गुरांच्या दवाखान्यात भिंतीवर कितीही सूचना रंगवा, तिथला मदतनीस भिंत वाचून काम करत नाही. तो डॉक्टरांकडे बघून काम करतो. डॉक्टरांनी गाय तपासताना हातमोजे घातले, तर पर्यवेक्षक घालतो, परिचरही घालतो. डॉक्टरांनीच ‘चालतंय हो’ म्हणून उघड्या हाताने काम उरकलं, की सगळ्यांचंच चालतं. आणि मैत्रिणींनो, हे ‘चालतंय’ शेवटी आपल्या गोठ्यापर्यंत येतं.

कुरुंद्यासारख्या गावात शेणघाण, वैरण, धारा ही कामं बहुतेक घरी बाईच्याच अंगावर असतात. रात्री म्हैस अडली तर बॅटरी धरणारी तीच, वासरू पुसणारी तीच, पडलेली वार उचलून पुरणारीही तीच. डॉक्टर येतात तेव्हा ती पदर सावरून कोपऱ्यात उभी असते. बोलत नाही, पण बघत असते. जे बघते, तेच पुढच्या वेळी करते.

म्हणूनच ब्रुसेलोसिसचा विषय आपला आहे. याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय-म्हैस सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, तेव्हा हे एक कारण असू शकतं. गाभडलेलं वासरू, वार, स्राव यांना उघडा हात लागला किंवा कच्चं दूध प्यायलं, तर हा आजार माणसालाही होतो. ताप येतो-जातो, घाम सुटतो, सांधे धरतात. घरचे म्हणतात, कामाने थकली असेल. गरोदर बाईला तर त्यात जास्तच धोका.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू केला. ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच द्यायची असते. पण ही लस जिवंत जंतूंची. टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली, तर त्यालाही बाधा होऊ शकते. अशा वेळी वरिष्ठाने स्वतः हातमोजे घालून पहिली लस टोचून दाखवली, तर हाताखालच्या नव्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हाही प्रश्न हाच होता. माश्या, डास, गोचीड यांच्याबरोबर दूषित सुईतूनही हा रोग पसरू शकतो. प्रत्येक जनावराला वेगळी सुई, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण संध्याकाळ झाली, अजून दोन आखाडे बाकी आहेत, अशा वेळी तो नियम पाळला जातो का, हे पथकाचा प्रमुख काय करतो यावर ठरतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आपल्या महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण आहे मणिभाई देसाईंचं. ते पशुवैद्य नव्हते. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तेव्हा मणिभाईंनी तिथेच आयुष्य घालवायचं ठरवलं आणि शब्द पाळला. आधी स्वतः गीर गाई सांभाळल्या, वाढवल्या. मग १९६७ मध्ये ‘बाएफ’ संस्था उभी केली. तिचे कार्यकर्ते कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत घेऊन गेले. प्रमुखच गावात राहिलेला असला, की कार्यकर्त्याला गावात जायला कमीपणा वाटत नाही.

कुणी म्हणेल, डॉक्टर एक आणि गावं ढीगभर, त्यात हातमोजेही पुरत नाहीत. अडचण खरी आहे. पण साहित्य नसेल तर ते वरच्या कार्यालयाकडे लेखी मागणं हेसुद्धा प्रमुखाचंच काम. आणि साबणाने हात धुवायला कुठल्या मंजुरीची गरज लागते?

आपणही एवढं करू या. डॉक्टर आले की बादलीभर पाणी आणि साबण पुढे ठेवा. ‘साहेब, सुई नवी आहे ना?’ हे न लाजता विचारा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक गोठ्यात लिहून ठेवा. गावात पशुसखी असेल, तर डॉक्टरांनी तिला सोबत न्यावं असा आग्रह बचत गटाने धरावा. डॉक्टर एका गोठ्यात जे नीट करून दाखवतील, ते ती पुढच्या दहा गोठ्यांत करेल. आणि वार उचलताना, मैत्रिणींनो, हातमोजे नसतील तर निदान प्लॅस्टिकची पिशवी तरी हाताला बांधा. आपली लेक आपल्याकडे बघत असते.