पगार किती, हा दुसरा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. वय २१, बारावीनंतर शिक्षण सुटलेले, हलक्या वाहनाचे लायसन्स खिशात. मोबाइलवर जाहिरात होती: ‘ड्रायव्हर पाहिजे, लोकल लाइन, भरपूर पगार, रोज घरी.’ तो म्हणाला, "चाचा, जाऊ का?" मी विचारले, "पगार बँकेत देणार की हातावर?" हे त्याने विचारलेच नव्हते.

माझे अब्बा बीडच्या मोंढ्यातून ट्रक चालवायचे. कापसाच्या गाठी, साखर, सिमेंट, जे भाडे मिळेल ते. ईदला ते घरी असतील की नाही, हे आदल्या रात्रीपर्यंत आम्हाला माहीत नसायचे. तीस वर्षांनी कंबर गेली आणि स्टिअरिंग सुटले. मालकाने दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला आणि सलाम करून निरोप दिला. पीएफ नाही, पेन्शन नाही. तीस वर्षे काम केले हे सांगणारा एक कागदसुद्धा नाही. मालक वाईट माणूस नव्हता. अब्बांनी कधी मागितले नाही, त्याने कधी दिले नाही.

आपल्या घरांत ड्रायव्हरकी नाइलाजाचे काम मानले जाते. ‘शिकला नाहीस तर ट्रकवर जाशील’ असे आपण मुलांना धमकावतो आणि मग त्यातलीच अनेक मुले ट्रकवर जातात, काहीही न विचारता. मला हे काम कमी दर्जाचे वाटत नाही. पण ज्या कामाला आपणच हुन्नर मानत नाही, त्याचा मोबदला आपण हुन्नर म्हणून मागतही नाही.

जिल्ह्यात लोकल काम नाही, असे नाही. आष्टी-पाटोद्याच्या दुधाचे टँकर आहेत. माजलगाव, गेवराई, केज भागात साखर कारखाने आहेत, जिनिंग आहेत. धुळे-सोलापूर महामार्ग बीडमधून जातो, कल्याण-निर्मल महामार्ग गढी, माजलगाववरून जातो. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड रेल्वेने अहिल्यानगरशी जोडले गेले आहे. या मार्गावर मालाची चढउतार वाढली, तर स्टेशनपासून गोदामापर्यंत माल नेणारी गाडी इथलीच लागेल. सिमेंट-लोखंडाचे डेपो, गॅस एजन्सी, नगरपालिकेच्या गाड्या आणि एसटी आहेतच.

पण लोकल म्हणजे आपोआप चांगले, असेही नाही. गळीत हंगामात उसाची गाडी चार-पाच महिने दिवसरात्र चालते आणि नंतर उभी राहते. त्या पगाराला बाराने भागून पाहा. परळीच्या औष्णिक केंद्राची राख असो की वाळू, फेऱ्यांवर पैसे मिळतात तिथे गाडीत जादा माल भरण्याचा मोह असतो. कायद्यात ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार आहे. तो कोण भरणार, हे आधी ठरलेले नसेल तर पगारातून कापला जातो.

उचल काय करते, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत बांधले जाते. ड्रायव्हरही बहिणीच्या लग्नाला मालकाकडून ५० हजार घेतो आणि मग पगार वाढवून मागायची हिंमत उरत नाही. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली तरी जाता येत नाही. काही ठिकाणी तर मूळ लायसन्स मालकाच्या कपाटात असते. ते कोणालाही ठेवायला देऊ नका. दाखवण्यापुरते डिजिलॉकरमधले चालते.

मग पुढे जायचे कसे? १८ व्या वर्षी हलक्या वाहनाचे लायसन्स मिळते, पण मालवाहू गाडी चालवायला २० पूर्ण लागतात. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. तिथून सुरुवात करा. हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्षाचे झाले की हेवीसाठी शिकाऊ परवाना काढता येतो. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते, ते विकत न घेता खरोखर शिका.

त्याच्या पुढची पायरी आपली मुले सहसा चढत नाहीत. पेट्रोल, डिझेल, गॅस अशा धोकादायक मालाच्या टँकरसाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते. त्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आहे, आणि मराठी किंवा उर्दूसारख्या एका भारतीय भाषेसोबत इंग्रजी लिहिता-वाचता यावे लागते. सोलापूरजवळ पाकणी आणि मनमाडजवळ पानेवाडी इथे इंधनाचे मोठे डेपो आहेत. ही नोंद असलेला ड्रायव्हर मालकाला सहज मिळत नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन असते.

आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, म्हणून शाळा सोडू नका. एसटीच्या चालक भरतीला दहावी लागते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षक व्हायला दहावी, पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे आयटीआय केलेल्या ड्रायव्हरला चाळिशीनंतर, कंबर दुखू लागल्यावरही, याच धंद्यात दुसरी खुर्ची आहे. अब्बांना ती नव्हती.

आता त्या मुलाला मी लिहून दिलेले प्रश्न. पगार बँकेत येणार का? नेमणुकीचे पत्र, निदान सहीचा एक कागद मिळेल का? तास किती? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून दिवसाला आठ तासांचे माप आहे. भत्ता पगारात धरलेला आहे की वेगळा? दंड, टायर, मालाची तूट कोणाच्या अंगावर? पीएफ कापता का? २० किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ मालकाची मेहरबानी नाही, कायदा आहे. दहा वर्षे भरली की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क तयार होतो. आणि नोकरी देण्याआधी कोणी नोंदणीचे पैसे मागत असेल, तर तिथूनच परत फिरा.

दोन-तीन गाड्यांचा मालक पीएफ देणार नाही, हे मला माहीत आहे. पण कामावर अपघात झाला तर नुकसानभरपाईचा हक्क त्याच्या ड्रायव्हरलाही असतो. फक्त तुम्ही त्याच्याकडे कामाला होता, हे सिद्ध करावे लागते. बँकेत दरमहा आलेला पगार हाच तिथे साक्षीदार. शिवाय वर्षाला २० रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. एका चहा-नाश्त्याचे पैसे आहेत, या आठवड्यातच बँकेत जाऊन अर्ज भरा.

एक गोष्ट आपल्या मोहल्ल्यांसाठीही. स्पर्धा परीक्षांसाठी आपण अभ्यासिका काढल्या, ते चांगलेच केले. पण त्या अभ्यासिकेत न येणारी मुले जास्त आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच खोलीत लायसन्सचे अर्ज भरून द्यायला, पीएफचे पासबुक पाहायला शिकवायला, कोणता मालक पगार वेळेवर देतो हे एकमेकांना सांगायला काय हरकत आहे? जुन्या ड्रायव्हरांना बोलवा. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

त्या मुलाने जाहिरातीतल्या नंबरवर पुन्हा फोन केला. पगार हातावर, कागद नाही, असे उत्तर आले. तो गेला नाही. सध्या एका सिमेंट दुकानाचा टेम्पो चालवतो. पगार जाहिरातीतल्यापेक्षा कमी आहे, पण बँकेत येतो. हेवीच्या शिकाऊ परवान्याचा अर्ज त्याने भरला आहे. परवा अब्बांनी त्याला अंगणात बसवून घाटात गिअर कसा धरायचा ते सांगितले. मग त्यांनी विचारले, "पासबुक आणलंस का? दाखव."